अर्ध्या अंशाचा हिशेब

२८ एप्रिल १८४७ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात, सेंट ॲन चर्चच्या वाचनालयात एक सार्वजनिक व्याख्यान झाले. वक्ता होता अठ्ठावीस वर्षांचा जेम्स प्रेस्कॉट जूल. शेजारच्या सॅलफर्डमध्ये त्याच्या घरची बिअरची ब्रुअरी होती. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. लहानपणी काही काळ जॉन डाल्टन या थोर रसायनशास्त्रज्ञाकडे शिकवणी झाली, तेवढेच काय ते औपचारिक शिक्षण. व्याख्यान सगळेच्या सगळे छापून यावे अशी त्याची इच्छा होती. एक वृत्तपत्र फक्त उतारे छापायला तयार होते. 'मँचेस्टर कुरियर'ने मात्र पूर्ण मजकूर छापला. त्या पत्रात जूलचा भाऊ संगीतावर लिहीत असे.

ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे विधान आकड्यानिशी आणि इतक्या व्यापकपणे जूलने प्रथम मांडले ते असे गावातल्या लोकांपुढे. पडते तारे का जळतात, धबधब्याखालचे पाणी किंचित कोमट का असायला हवे, वारा आणि समुद्राच्या लाटा शांत झाल्यावर त्यांची गती कुठे जाते, हे सारे त्याच्या विचारात एकाच सूत्रात येत होते. सार्वजनिक व्याख्यानाला हा विषय शोभतो तो यामुळेच. तो मुळातच चारचौघांत बोलण्याचा विषय आहे.

हात एकमेकांवर चोळले की ऊब येते हे कोणालाही ठाऊक होते. अरणी घासून अग्नी काढणाऱ्यांना तर ते फारच चांगले ठाऊक होते. जूलचे म्हणणे त्याच्या पुढचे होते. किती श्रमांत किती उष्णता मिळते याचा भाव ठरलेला आहे, आणि तो कुठेही, कोणत्याही पदार्थात, कोणत्याही मार्गाने बदलत नाही. घासा, ढवळा, दाबा, नाहीतर चुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरवून वीज काढा आणि त्या विजेने पाणी तापवा. हिशेब तोच येतो. त्या काळच्या इंग्रजी मापांत हा भाव त्याने शेवटी ७७२ फूट-पौंड असा काढला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच श्रमात ७७२ पौंडांचे वजन एक फूट उचलता येते. आजच्या मापांत सांगायचे तर एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला ४,१८६ जूल (हे एकक त्याच्याच नावाचे) लागतात, म्हणजे सुमारे ४२७ किलो वजन एक मीटर उचलण्याइतके कार्य. धान्याची क्विंटलभराची चार पोती मीटरभर वर चढवली, तर बदल्यात मिळणार लिटरभर पाण्याचा जेमतेम एक अंश.

हा भाव इतका विषम आहे, म्हणूनच तो हजारो वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. माणूस दिवसभर राबला तरी त्याच्या घर्षणातून निघणारी उष्णता थर्मामीटरला दिसेल-न दिसेल इतकी थोडी. उलट बाजूने पाहिले तर पाण्याच्या साध्या कोमटपणात प्रचंड श्रम दडलेले असतात. आंघोळीची पंधरा लिटरची बादली २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २२ लाख जूल लागतात. तेवढ्या ऊर्जेत तीच बादली जवळजवळ १५ किलोमीटर उंच, म्हणजे एव्हरेस्टच्याही पलीकडे उचलता आली असती. विजेच्या मीटरवर याचा पुरावा रोज मिळतो. सोसायटीच्या पंपाने हजार लिटरची टाकी सातव्या मजल्यापर्यंत भरली तरी पाव युनिटही पुरते. गीझरमधली एक बादली मात्र अर्ध्या युनिटाहून जास्त खाते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या शास्त्रज्ञांचा समज असा होता की उष्णता हा एक अतिसूक्ष्म, वजन नसलेला द्रव आहे. त्याला कॅलरिक म्हणत. लाव्हाझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांची यादी दिली, तिच्यात कॅलरिकला स्थान होते. ही कल्पना मूर्खपणाची मुळीच नव्हती. गरम वस्तूकडून गार वस्तूकडे उष्णता का वाहते, तापल्यावर पदार्थ का फुगतात, बर्फ वितळताना उष्णता देऊनही तापमान का चढत नाही, या सगळ्यांची उत्तरे तिच्यातून मिळत. घर्षणाचेही उत्तर तयार होते : घासल्यामुळे पदार्थात मुरलेले कॅलरिक पिळून बाहेर येते.

या उत्तराला पहिला मोठा धक्का बसला तोफांच्या कारखान्यात. बेंजामिन थॉमसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, मूळचा अमेरिकेतला, पण बव्हेरियाच्या राजाश्रयाला म्युनिकमध्ये मोठ्या पदावर होता. तिथल्या शस्त्रागारात पितळी तोफांना आतून भोक पाडताना तोफ आणि निघणारा कीस दोन्ही चांगलेच तापतात, हे त्याने पाहिले. मग त्याने मुद्दाम बोथट हत्यार लावले, म्हणजे कीस थोडा पडेल आणि घर्षण भरपूर होईल. तोफेचा ओतीव तुकडा लाकडी पेटीत ठेवून तीत पाणी भरले आणि घोड्यांकरवी तो फिरवत ठेवला. सुरुवातीला पाणी ६० अंश फॅरनहाइटला होते. अडीच तासांनी ते उकळू लागले. विस्तव नाही, कोळसा नाही, आणि पेटीतले गार पाणी खदखदते आहे, हे पाहून भोवती जमलेल्या लोकांचे चेहरे कसे झाले, याचे वर्णन रम्फर्डने १७९८ मध्ये छापलेल्या निबंधात मोठ्या आनंदाने केले आहे.

रम्फर्डचा मुद्दा साधा होता. घोडे फिरत राहिले तर उष्णता निघतच राहते, तिला अंत दिसत नाही. जी वस्तू कधीच संपत नाही, ती एखाद्या पदार्थात साठवलेला द्रव कशी असेल? त्याच निबंधात त्याने असेही नोंदवले की पाणी तापवायचेच असेल तर घोड्यांना फिरवण्यापेक्षा त्यांचा चारा जाळलेला परवडेल. घोड्याचे खाणे, घोड्याचे श्रम आणि पाण्याची उष्णता ही तिन्ही त्याने एका ओळीत आणून ठेवली होती. फक्त श्रम आणि उष्णता यांचा भाव काढायचे राहिले. पुढे जूलने रम्फर्डच्याच नोंदी घेऊन हिशेब केला, तेव्हा उत्तर १,०३४ फूट-पौंड आले. पेटीतून हवेत किती उष्णता निसटली याची मोजदाद रम्फर्डने केलेली नव्हती, म्हणून आकडा फुगलेला.

दुसरा माणूस या प्रश्नाकडे पूर्णपणे वेगळ्या वाटेने आला. जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा युलिउस रॉबर्ट मायर हा डॉक्टर १८४० मध्ये एका डच जहाजावर वैद्य म्हणून जावा बेटाकडे निघाला. तिथे पोहोचल्यावर आजारी खलाशांची शीर कापून रक्त काढण्याची वेळ आली. त्या काळी हा रूढ उपचार होता. शिरेतून आलेले रक्त इतके तांबडे होते की चुकून धमनी कापली की काय, असे त्याला क्षणभर वाटले. थंड प्रदेशात शिरेतले रक्त काळसर असते. उष्ण प्रदेशात शरीराला ऊब राखण्यासाठी कमी जाळावे लागते, म्हणून रक्तात प्राणवायू शिल्लक राहतो, असा त्याने अर्थ लावला. पण तो तिथेच थांबला नाही. अन्न जळून शरीराला ऊब मिळते आणि त्याच शरीराच्या बळावर माणूस ओझीही ओढतो. मग अन्नाच्या हिशेबात ऊब आणि श्रम दोन्ही बसले पाहिजेत, आणि त्यासाठी उष्णता व श्रम यांच्यात एक ठराविक भाव असलाच पाहिजे.

मायरने नवा प्रयोग न करता हा भाव काढला. हवा बंद भांड्यात तापवली तर कमी उष्णता लागते. तीच हवा फुगायला मोकळी ठेवून तापवली तर जास्त लागते. ही जादा उष्णता वातावरणाचा दाब ढकलण्यात खर्च होते, असे त्याने धरले. दोन्ही आकडे इतरांनी आधीच मोजलेले होते. त्यांवरून १८४२ च्या निबंधात त्याने लिहिले की पाणी ३६५ मीटरवरून पडले तर ते एक अंशाने तापेल. खरा आकडा ४२७. त्याच्या विचारात चूक नव्हती. वायूंची त्या वेळी उपलब्ध असलेली मापेच कच्ची होती.

या माणसाची कहाणी फार क्लेशाची आहे. त्याचा आधीचा निबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकाने छापलाच नाही. पुढे अग्रक्रमाचा वाद पेटला, घरात मुलांचे मृत्यू झाले, १८५० मध्ये त्याने खिडकीतून उडी घेतली आणि नंतर काही काळ मनोरुग्णालयात काढला. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक १८७० मध्ये जूलला आणि १८७१ मध्ये मायरला दिले. कोणाचे श्रेय किती, यावर ब्रिटिश आणि जर्मन विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आज अंतराने पाहता मायरने भाव असलाच पाहिजे हे ओळखले आणि जूलने तो निर्विवाद मोजून दाखवला, असे म्हणणे न्यायाचे होईल.

मोजण्याचे हे काम किती बिकट होते ते जूलच्या पहिल्या आकड्यांवरून कळते. १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे त्याने जो निबंध वाचला, त्यातले प्रयोग चुंबक आणि फिरत्या वेटोळ्याचे होते. एकेका प्रयोगाची उत्तरे ५८७ पासून १,०४० पर्यंत विखुरलेली होती आणि सरासरी ८३८ आली. एवढ्या विखुरलेल्या उत्तरांच्या मागे एकच स्थिर आकडा आहे, असे म्हणायला मोठी श्रद्धा लागते. श्रोत्यांपैकी फारसे कोणी लक्ष दिले नाही. जूलने त्या श्रद्धेवर विसंबून न राहता पुढची सात वर्षे प्रयोग सुधारण्यात घालवली.

१८५० मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा मोठा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. तांब्याचे एक भांडे, त्यात सहा किलोंच्या आसपास पाणी. पाण्यात उभ्या आसावर पितळी वल्ह्यांचे चाक. फिरणाऱ्या वल्ह्यांच्या आठ रांगा भांड्याला आतून बसवलेल्या स्थिर पट्ट्यांच्या मधून जात, म्हणजे पाणी नुसते गोल फिरत न बसता घुसळले जाई. आसाला दोरी गुंडाळलेली, दोरी कप्प्यांवरून गेलेली आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी सुमारे १३ किलोचे शिशाचे वजन. वजने सोडली की ती दीड मीटरभर खाली येत आणि चाक फिरे. खाली पोहोचली की चाक सोडवून वजने पुन्हा वर गुंडाळायची. असे वीस वेळा. हे सगळे संपायला अर्धा तास लागे, आणि एवढ्या उचलाउचलीनंतर पाण्याचे तापमान चढे अर्धा अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून किंचित अधिक.

अर्ध्या अंशात शंभर प्रकारच्या चुका लपू शकतात आणि जूलने त्या एकेक करून हुडकल्या. पितळी आसातून उष्णता बाहेर पळू नये म्हणून आसाच्या मध्ये लाकडाचा तुकडा बसवला. प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून मध्ये मोठा लाकडी पडदा उभा केला. खोलीचे तापमान स्थिर राहावे म्हणून प्रयोग तळघरात केले. भांडे स्वस्थ ठेवून तेवढ्याच वेळात खोलीच्या हवेमुळे ते किती तापते किंवा निवते, हेही दर खेपेला वेगळे मोजले आणि वजा केले. कप्प्यांचे घर्षण वजा केले. वजने जमिनीला टेकतात तेव्हा त्यांच्यात उरलेली थोडीशी गती वजा केली. दोरी ताणली जाते आणि वजन टेकल्यावर आखडते, त्याचाही हिशेब धरला. पाण्याचे असे चाळीस प्रयोग झाले. मग पाण्याऐवजी पारा घेतला, मग ओतीव लोखंडाच्या तबकड्या एकमेकींवर घासल्या. तिन्ही मार्गांनी आलेले आकडे एकमेकांच्या अगदी जवळ होते.

थर्मामीटर हा या सगळ्याचा कणा. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर या कारागिराने ते बनवले होते आणि त्यांवर आपण अंशाचा दोनशेवा भाग वाचू शकतो, असे जूल सांगत असे. पुष्कळांना हा दावा अतिशयोक्तीचा वाटला. पण ब्रुअरीत वाढलेल्या माणसासाठी तापमान हा पोटापाण्याचा प्रश्न होता. बिअर आंबवताना थोड्या फरकाने सगळा माल बिघडतो. अचूक मोजण्याची सवय आणि मोजलेल्यावर विश्वास ठेवण्याची सवय त्याला प्रयोगशाळेत येण्याआधीच लागली असणार.

१८५० च्या त्या निबंधाच्या शेवटी त्याने तीन निष्कर्ष लिहिले होते. दोन छापले गेले. घर्षण म्हणजे यांत्रिक शक्तीचे उष्णतेत रूपांतरच होय, हा तिसरा निष्कर्ष निबंध तपासणाऱ्या समितीच्या इच्छेनुसार गाळला गेला. आकडा मान्य झाला होता, अर्थ मान्य व्हायचा होता.

विल्यम थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला, त्याला जूलचे काम १८४७ च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या अधिवेशनात कळले. वय तेवीसच्या आसपास, आणि नुकताच प्राध्यापक झालेला. त्याची अडचण खोल होती. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा सिद्धांत मांडला होता. उष्णता गरम जागेकडून गार जागेकडे वाहताना श्रम घडवते, आणि किती श्रम मिळतील हे दोन तापमानांतल्या अंतरावर अवलंबून असते, हा त्याचा गाभा. कार्नोने उष्णता वाटेत खर्च होत नाही असे धरले होते. जूल म्हणत होता की जेवढे श्रम मिळतात तेवढी उष्णता नाहीशी होते. दोघेही बरोबर वाटत होते. ही गाठ सुटली १८५० मध्ये रुडॉल्फ क्लाउझिउसच्या आणि १८५१ मध्ये थॉमसनच्या हातून. जूलचा भाव पूर्ण खरा, पण तो दोन्ही दिशांना सारखा वठत नाही. श्रमांची सगळीच्या सगळी उष्णता करता येते. उष्णतेचे मात्र सगळेच्या सगळे श्रम इंजिनाला कधीच करता येत नाहीत. तिचा काही वाटा गार बाजूला द्यावाच लागतो. थोडक्यात, एककांचे रूपांतर कागदावर पूर्ण होते, यंत्रात ते अर्धवट राहते, आणि आधुनिक अभियांत्रिकीतली निम्मी डोकेदुखी या फरकात आहे.

चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात हा फरक रोज मोजला जातो. तिथले अभियंते त्याला हीट रेट म्हणतात : एक युनिट वीज काढायला किती किलोकॅलरी उष्णता जाळावी लागली. जूलच्या भावाने एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. प्रत्यक्षात कोळशाच्या चांगल्या संचाला २,४०० च्या आसपास लागतात. म्हणजे जाळलेल्या उष्णतेपैकी छत्तीस टक्क्यांच्या आत-बाहेर विजेत उतरते. उरलेली १,५०० किलोकॅलरी धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून आकाशात जाते. भारतात कोळशाची प्रतही उष्णतेवरूनच ठरते. जी-११ प्रतीचा कोळसा म्हणजे किलोमागे ४,००१ ते ४,३०० किलोकॅलरी देणारा. त्यावरून एका युनिटाला अर्धा किलोहून थोडा अधिक कोळसा जळतो, हा हिशेब कोणालाही बोटांवर करता येईल. वीजदराच्या सुनावणीत हीट रेटवरून जे वाद झडतात, त्यांतली प्रत्येक किलोकॅलरी ग्राहकाच्या बिलात रुपयांनी दिसते. नागरिकांनी हा एक आकडा वाचायला शिकायला हवा, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

एअर कंडिशनरच्या दुकानात याच्या उलट वाटणारे दृश्य दिसते. दीड टनाचा एसी ताशी १८,००० बीटीयू (एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू) उष्णता खोलीतून बाहेर काढतो, म्हणजे सव्वापाच किलोवॉटच्या आसपास, आणि वीज मात्र दीड किलोवॉटच्या आगेमागे खातो. खर्चापेक्षा मिळकत तिप्पट कशी? जूलच्या भावाला इथे काहीच बाधा येत नाही. एसी उष्णता निर्माण करत नाही किंवा नष्ट करत नाही, तो ती आतून बाहेर हलवतो, आणि बाहेरच्या यंत्रातून आतली उष्णता अधिक खाल्लेली वीज अशी दोन्हींची बेरीज बाहेर पडते. इथला टनही वजनाचा टन नव्हे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळायला जेवढ्या वेगाने उष्णता लागते, तो हा टन. बर्फाच्या लाद्यांच्या धंद्यातून आलेला आणि ताशी १२,००० बीटीयू इतका.

घाटातली रेल्वे हा महाराष्ट्रातल्या माणसाला जूलचा प्रयोग प्रत्यक्ष दाखवणारी सर्वांत मोठी मांडणी म्हणता येईल. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना गाडी सुमारे ५५० मीटर खाली येते. चढ-उतार ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र. हजार टनांची गाडी हे अंतर उतरते तेव्हा गुरुत्वाकर्षण जवळपास १,५०० युनिट विजेइतके कार्य करते. गाडीचा वेग मात्र वाढू द्यायचा नसतो. मग एवढी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांवर आणि चाकांवर उष्णता होऊन पडते, किंवा विजेचे इंजिन उतरताना जनित्राचे काम करत असेल तर काही भाग तारेत परत जातो. सगळीच उष्णता ब्रेकवर पडली असे धरले, तर तिने १७ टन साधे पाणी उकळीला आले असते. ब्रेकला घाटात वास का येतो, आणि गाड्या थांबवून ब्रेक का तपासतात, ते या आकड्यावरून कळते.

खोपोलीचे उदाहरण याच्या उलटे. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र तिथे सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून ५०० मीटरच्या आसपास खाली येते आणि चक्र्या फिरवते. हेच पाणी मोकळे सोडले असते, तर मायर आणि जूलच्या हिशेबाप्रमाणे पायथ्याशी ते एक अंशाहून थोडे अधिक कोमट झाले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. एका अंशाची ती अदृश्य ऊब थोपवून मुंबईच्या गिरण्या चालवल्या गेल्या. जूलने स्वतः नायगाराचे गणित केले होते : १६० फुटांवरून पडणारे पाणी एक-पंचमांश अंश फॅरनहाइट तापेल. प्रत्यक्ष धबधब्यावर तुषार, वारा आणि बाष्पीभवन इतका गोंधळ घालतात की एवढासा फरक हाती लागणे कठीण.

अन्नाच्या बाबतीत मायरचा विचार आजही जसाच्या तसा लागू पडतो. पुण्याचे लोक रविवारी सकाळी सिंहगड चढतात. पायथ्यापासून माथा सुमारे ६०० मीटर. साठ किलोच्या माणसाने एवढे चढायला केवळ वजन उचलण्याचे कार्य धरले तर ८४ किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक मोठी भाकरी सव्वातीनशे किलोकॅलरींहून अधिक देते. चतकोर भाकरीत गड चढून व्हायला हवा. तसे होत नाही, कारण स्नायू अन्नातल्या ऊर्जेच्या वीस ते पंचवीस टक्केच श्रमात उतरवतात. बाकीची उष्णता होते आणि ती घामावाटे टाकावी लागते. वर पिठल्याबरोबर खाल्लेल्या त्या एका भाकरीत चढण जेमतेम फिटते. दही आणि कांदाभजी हा निव्वळ नफा.

आता या आकड्याच्या पुढच्या प्रवासाबद्दल. १८७८ मध्ये साठीला टेकलेल्या जूलने प्रयोग पुन्हा करून ७७२.५५ हा आकडा दिला. मँचेस्टरजवळच्या सेल गावी त्याच्या थडग्यावर तो कोरलेला आहे. आजचा आकडा ७७८ आहे. फरक एका टक्क्याहूनही कमी. त्याच सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंडने इंजिनावर फिरणाऱ्या वल्ह्यांनी पाणी घुसळले आणि एक नवीच गोष्ट दाखवली : पाणी एक अंश तापवायला लागणारी उष्णता सगळ्या तापमानांना सारखी नसते. थंड पाण्यापासून वर जाताना ती कमी होत जाते आणि तिशीच्या आसपास पुन्हा वळते. म्हणजे ज्या मापाने उष्णता मोजायची ते मापच हलते होते. त्यातून कॅलरीच्या तीन-तीन व्याख्या जन्मल्या : पंधरा अंशांवरची ४.१८५५ जूल, रसायनशास्त्रज्ञांची ४.१८४, वाफेच्या तक्त्यांची ४.१८६८. जुन्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे सापडून विद्यार्थी गोंधळतात, ते त्यांच्या चुकीने नव्हे.

१९४८ मध्ये मापनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेचे एकक म्हणून जूलच स्वीकारले. पाण्याचा आधार सुटला. उष्णता आणि कार्य एकाच मापाने मोजायचे ठरले. २०१९ मध्ये याहून मोठे पाऊल पडले. तोपर्यंत तापमानाचे केल्विन हे एकक पाण्याच्या एका विशिष्ट स्थितीवर बेतलेले होते. आता बोल्ट्झमन स्थिरांक १.३८०६४९ × १०⁻²³ जूल प्रति केल्विन असा कायमचा ठरवून टाकला आहे आणि केल्विन त्यावरून निघतो. तापमानाचा अंशसुद्धा आता ऊर्जेच्या मापातून येतो. जूल आणि थॉमसन या दोन मित्रांची नावे त्या एका एककात शेजारी-शेजारी आहेत.

हा आकडा विद्यार्थ्यांपुढे मात्र बहुधा तयार तक्त्यातून येतो आणि तोच खेदाचा भाग आहे. तो मिळवायला लागणारे साहित्य कोणत्याही शाळेला परवडते. पुठ्ठ्याची मीटरभर लांब नळी, दोन्ही तोंडांना बुचे, आत मूठ-दोन मूठ शिशाचे छर्रे आणि एक चांगला थर्मामीटर. छर्ऱ्यांचे तापमान घ्यायचे, बूच लावायचे आणि नळी पन्नास वेळा झटक्यात उलटी करायची, म्हणजे छर्रे दर वेळी मीटरभर पडतील. छर्ऱ्यांचे वजन मोजायचीही गरज नाही, ते दोन्ही बाजूंनी कटते. शिशाची विशिष्ट उष्माधारकता किलोमागे १२८ जूल प्रति अंश, त्यामुळे पन्नास मीटर पडण्यातून तापमान ३.८ अंशांनी चढायला हवे. वर्गात ते तीन अंशांच्या आसपास येईल. राहिलेल्या पाऊण अंशासाठी नळी मध्येच धरावी, छर्ऱ्यांच्या बाजूला हात लावू नये, उलटताना छर्रे घसरू न देता सरळ पडू द्यावेत आणि शेवटच्या पडण्यानंतर थर्मामीटर आत घालायला वेळ लावू नये. दोन मुलांनी नळी उलटावी, तिसऱ्याने मोजावे, चौथ्याने तापमान वाचावे, आणि पुढच्या खेपेला जागा बदलाव्यात.